‘वाहतूक पूर्ववत’ : भूकंप आणि घाटातील रेल्वे

७.१ प्रस्तावना

माहितीपर गद्य वाचताना आपले लक्ष सामान्यतः आकड्यांकडे आणि नावांकडे जाते. एखादा रोजचा, साधा शब्द मात्र आपण न थांबता ओलांडून जातो. प्रस्तुत घटकात असाच एक शब्द आपण हाती घेणार आहोत : ‘पूर्ववत’. जुलै-ऑगस्टच्या दिवसांत माझगावच्या डॉकयार्ड रोड स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या वर्तमानपत्रात हा शब्द हमखास भेटतो. घाटात दरड कोसळते, पुण्याकडच्या गाड्या रद्द होतात आणि एकदोन दिवसांनी बातमी येते की वाहतूक पूर्ववत झाली. वाचणारा सुटकेचा श्वास सोडतो आणि पान उलटतो.

‘वत्’ हा संस्कृत प्रत्यय ‘सारखे’ या अर्थाचा आहे. मातृवत्, पुत्रवत् हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. त्याच न्यायाने ‘पूर्ववत’ म्हणजे पूर्वी होते तसे. आता पाहा, गाड्या पुन्हा धावू लागल्या हे एक विधान झाले. मार्ग पूर्वी होता तसा झाला हे दुसरे. बातमीत ही दोन्ही विधाने एकाच शब्दात कोंबली जातात. पावसाने चार दगड रुळांवर आणले आणि ते उचलून टाकले, तर या घोटाळ्याने फारसे बिघडत नाही. परंतु मोठ्या भूकंपाने डोंगरातील लोहमार्ग मोडला, तर हा फरक झाकता येत नाही. म्हणूनच या घटकासाठी भूकंप आणि घाटरेल्वे हा विषय निवडला आहे.

हा घटक अभ्यासल्यानंतर घाटातील लोहमार्ग नेमका कोठे आणि का मोडतो, तो पुन्हा उभा राहण्यास कधी सव्वीस दिवस तर कधी चार वर्षे का लागतात, हे तुम्हाला सांगता येईल. तसेच अशा घटनेवर मराठीत लिहिताना कोणते क्रियापद काय सांगते आणि काय दडवते, हेही तुमच्या लक्षात येईल.

७.२ माझगावचा हादरा आणि कोयनेचा हादरा

माझगावात ‘हादरा’ म्हटले की जुन्या माणसांना १४ एप्रिल १९४४ हा दिवस आठवतो. त्या दिवशी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील स्फोटकांचा स्फोट झाला. त्याची कंपने दूर शिमल्याच्या भूकंपमापकापर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. गोदीतील राडारोडा उपसून ती पुन्हा चालू करण्यास सुमारे सात महिने लागले. तरीही हा स्फोट आणि भूकंप यांत मूलभूत फरक आहे. स्फोटाचा धक्का जमिनीच्या वरून बसतो आणि दूर जाताना झपाट्याने विरतो. भूकंपात धक्का पायाखालून येतो. इमारत, पूल, रूळ ज्या जमिनीवर विसंबून उभे असतात, तीच जमीन हलते.

तसा धक्का माझगावने अनुभवला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे. आमच्या चाळीत मांडणीवरची भांडी वाजली आणि माणसे जिन्यात आली, असे घरातील वडीलधारी सांगत. भूकंपाचे केंद्र दक्षिणेस, साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ होते. वेळ होती चार वाजून एकवीस मिनिटे, तीव्रता सुमारे ६.३ ते ६.५. कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली किंवा मोडली, सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि तिचा फटका थेट मुंबईच्या कारखान्यांना बसला. डोंगरात घडलेल्या घटनेची किंमत शहर कसे मोजते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कोयनेच्या खोऱ्यात तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. पुणे-मिरज मार्ग पूर्वेकडून कऱ्हाडजवळून जातो आणि कोकण रेल्वे पश्चिमेकडे चिपळूणहून. ती तर १९६७ साली अस्तित्वातच नव्हती. उलट बोरघाटात आणि थळघाटात रेल्वे आहे, पण तेथे कोयनेसारखा भूकंप रेल्वेच्या काळात झालेला नाही. म्हणजे महाराष्ट्रात मोठा भूकंप आणि घाटरेल्वे यांची गाठ अद्याप पडलेली नाही. ती पडली तर काय होईल, हे समजून घेण्यासाठी दोन गोष्टी जोडून पाहाव्या लागतात : आपला घाट कसा बांधला आहे, आणि इतरत्र अशी गाठ पडली तेव्हा काय घडले.

७.३ घाटातील रूळ कशावर उभे असतात?

मैदानातील लोहमार्ग जमिनीवर टेकलेला असतो. घाटातील लोहमार्ग डोंगराच्या अंगावर टांगलेला असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’चे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या पंचवीसेक किलोमीटरच्या मार्गाने सुमारे साडेपाचशे मीटरची उंची गाठली. त्यावर पंचवीस बोगदे होते आणि उंच कमानींचे आठ पूल. सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. एका टप्प्यावर तर डोंगराला वळसा घालण्यास जागाच नव्हती. तेथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने वर नेत असत. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल स्वतः आल्यानंतर अल्पावधीतच मृत्यू पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. घाटाचा इतिहास सांगताना इंग्रज अभियंत्यांची नावे येतात, मजुरांची येत नाहीत. माहितीपर लेखनातील ही एक जुनी उणीव आहे.

असा मार्ग बांधताना अभियंता चार युक्त्या वापरतो. डोंगराचा उतार कापून पायरी काढणे, म्हणजे खोदाई, जिला रेल्वेची माणसे ‘कटिंग’ म्हणतात. कापलेली माती-दगड दरीच्या बाजूला टाकून पायरी रुंद करणे, म्हणजे भराव. आडवी आलेली सोंड आरपार पोखरणे, म्हणजे बोगदा. आणि ओहोळ किंवा दरी ओलांडणे, म्हणजे पूल. पुष्कळदा रूळ अर्धे कापलेल्या कातळावर आणि अर्धे भरावावर असतात. वरून पाहणाऱ्याला सपाट पट्टी दिसते. पण तिची आतली बाजू डोंगराची असते आणि बाहेरची बाजू माणसाने रचलेली. ही गोष्ट विसरू नका. पुढे सगळे तिच्यावर येऊन ठेपते.

सह्याद्रीचा खडकही समजून घ्यावा लागतो. तो लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला काळा पाषाण आहे. वरवर पाहता अभेद्य; परंतु दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ थर असतो. पाणी तेथे मुरते, थर भिजतो, आणि वरचा कातळ निसटण्याची वाट पाहत बसतो. कोकणात उतरले की काळ्या पाषाणावर जांभा आणि मातीचे जाड आवरण येते, ते आणखी ठिसूळ.

भूकंपाशिवायही घाट मोडतो, याचे पहिले मोठे उदाहरण मार्ग खुला झाल्यानंतर चारच वर्षांनी घडले. जुलै १८६७ मध्ये बोरघाटातील एक उंच कमानीपूल ढासळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘माऊ-की-मळी’ असे काहीसे विचित्र आढळते. चिनाई निकृष्ट होती, असा ठपका चौकशीत आला आणि मार्गावरील इतरही अनेक बांधकामे नव्याने करावी लागली. हादरा नाही, स्फोट नाही. आतली भर कच्ची होती, एवढेच.

७.४ अर्ध्या मिनिटात काय घडते?

मोठ्या भूकंपाचे तीव्र हलणे साधारणपणे अर्धा-एक मिनिट टिकते. तेवढ्या वेळात घाटातील मार्गाचा प्रत्येक भाग आपापल्या रीतीने मोडतो.

भरावापासून सुरुवात करू. रचलेली माती हलली की ती खचते आणि दरीकडे सरकते. अर्धा कातळ व अर्धा भराव अशा पट्टीवर आतला रूळ जागेवर राहतो आणि बाहेरच्या रुळाखालची जमीन निघून जाते. कधी कधी स्लीपरांसह अख्खी पटरी दोरीच्या शिडीसारखी हवेत लोंबते. छायाचित्रात हे दृश्य भयंकर दिसते, परंतु दुरुस्तीच्या दृष्टीने ते सर्वांत सोपे असते. पुन्हा भराव टाकता येतो.

पुलाचे वेगळे असते. दोन्ही काठांवरचे आधार दरीच्या दिशेने सरकतात, पुलाचे अंतर कमी होते आणि तुळई आपल्या बैठकीवरून घसरते. जुने दगडी कमानीपूल स्वतःच्या वजनाने उभे असतात. कमानीचा एक दगड निसटला तर बाकीचे दगड त्याची उणीव भरून काढीत नाहीत.

बोगद्याविषयी सर्वसाधारण समज चुकीची आहे. भूकंपात डोंगराच्या पोटात असणे हे सर्वांत धोक्याचे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात खोल बोगदा भोवतालच्या कातळाबरोबरच हलतो, म्हणून तो पुष्कळदा सुखरूप राहतो. मोडतात ती बोगद्याची तोंडे. तेथे कातळ झिजलेला असतो आणि वर कापलेला कडा असतो. दुसरे धोक्याचे ठिकाण म्हणजे जेथे बोगदा भूपृष्ठाखालील विभंग ओलांडतो. विभंगाच्या दोन बाजू दोन दिशांना सरकल्या, तर मधल्या बोगद्याला कोणतेही अस्तर वाचवू शकत नाही.

आणि सर्वांत शेवटी उतार. येथे ‘शेवटी’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण उताराचे मोडणे त्या अर्ध्या मिनिटात संपत नाही. काही दरडी तत्क्षणी येतात. काही कडे केवळ भेगाळतात आणि पुढच्या लहान धक्क्यांना कोसळतात. राहिलेले पहिल्या पावसाची वाट पाहतात. आपल्याकडे कोयनेचा भूकंप डिसेंबरात झाला, पण तोच घाटात मेमध्ये झाला असता तर जूनपर्यंत कड्यांना भेगा आणि भेगांत पाणी अशी अवस्था झाली असती. पाऊस जे काम चार महिन्यांत सावकाश करतो, ते भूकंप अर्धवट करून पावसाच्या हाती देतो.

तुमची प्रगती तपासा : बोगदा आणि बोगद्याचे तोंड यांच्या सुरक्षिततेत फरक का पडतो, ते चार वाक्यांत लिहा. वाक्यांत ‘कोसळणे’ हे क्रियापद वापरू नका.

७.५ चौथा आणि सहावा बोगदा

घाट, रेल्वे आणि मोठा भूकंप या तिघांची गाठ जेथे पडली, त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची तेहाचापी डोंगररांग. तेथील लोहमार्ग १८७६ मध्ये पूर्ण झाला. बोरघाटाप्रमाणेच तोही हातांनी खोदलेला; राबणारे हात चिनी मजुरांचे होते. उंची गाठण्यासाठी एका ठिकाणी मार्ग स्वतःभोवतीच वेढा घेतो आणि लांब मालगाडी आपल्याच शेपटीवरून पुढे जाते.

२१ जुलै १९५२ रोजी पहाटे पाचच्या सुमारास तेथे सुमारे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेपेक्षा अंकात फरक एकाचा दिसतो. पण या मोजपट्टीवर एका अंकाने बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. विभंग लोहमार्गाखालूनच गेला होता. तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा असे चार बोगदे एकापाठोपाठ मोडले. जमीन आक्रसली, त्यामुळे त्याच अंतरात आता रूळ जास्त झाले आणि ते नागमोडी वळले. तिसऱ्या बोगद्यात तर वाकलेला रूळ काँक्रीटच्या भिंतीच्या खालून आरपार गेलेला आढळला. भिंत क्षणभर उचलली गेली, रूळ तिच्याखाली सरकला आणि भिंत पुन्हा खाली बसली, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. वाक्य वाचून विश्वास बसणार नाही, म्हणून त्याचे छायाचित्र भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार छापले जाते.

यानंतर अभियंत्यांनी काय केले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी चारही बोगदे पूर्वीसारखे करण्याचा प्रयत्नच केला नाही. चौथ्या आणि सहाव्या बोगद्यांवरचा डोंगर त्यांनी काढून टाकला. बोगदे राहिले नाहीत, उघड्या खिंडी झाल्या. तिसऱ्याचा मोडलेला भाग उघडा केला आणि बाकीचा दुरुस्त केला. पाचवा लांब होता, त्यावरचा डोंगर मोठा होता. तेव्हा त्याला बाहेरून वळसा घालणारा तात्पुरता मार्ग टाकला, गाड्या त्यावरून सोडल्या आणि बोगद्याचे काम मागाहून निवांत केले. रात्रंदिवस यंत्रे चालवून १५ ऑगस्टला, म्हणजे सव्विसाव्या दिवशी, मार्ग खुला झाला.

आजही त्या मार्गावर तिसऱ्या बोगद्यानंतर पाचवा येतो आणि पाचव्यानंतर सातवा. चौथा आणि सहावा हे क्रमांक रिकामे आहेत. वाहतूक सव्वीस दिवसांत सुरू झाली. मार्ग मात्र पूर्ववत झाला नाही, आणि तो तसा करण्याचा हट्ट धरला नाही म्हणूनच वाहतूक लवकर सुरू झाली.

७.६ सव्वीस दिवस, दहा महिने, चार वर्षे

सव्वीस दिवसांचे कौतुक करताना घाई करू नये. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर १४ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री कैकौरा येथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तेथील लोहमार्ग डोंगर आणि समुद्र यांच्यामधील अरुंद पट्टीतून जातो. शेकडो ठिकाणी तो मोडला. कोठे दरडींखाली गाडला गेला, तर कोठे संपूर्ण पटरी उचलून समुद्रकाठच्या वाळूत फेकली गेली. शेजारचा महामार्गही त्याच दरडींखाली होता. मालगाड्या १५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाल्या, म्हणजे दहा महिन्यांनी. प्रवासी गाडी सुरू होण्यास डिसेंबर २०१८ उजाडला. काही ठिकाणी मार्ग डोंगरापासून दूर, समुद्राच्या बाजूस सरकवावा लागला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानच्या कुमामोतो भागात दोन मोठे धक्के बसले. आसो ज्वालामुखीच्या परिसरात एक प्रचंड कडा सुटला. त्याच्या पडण्याच्या परिसरात महामार्गाचा मोठा पूल दरीत गेला आणि होही लोहमार्ग गाडला गेला. त्याच मार्गावर तातेनो येथे गाडी थांबून उलट दिशेने चढ चढते, आपल्या बोरघाटातील जुन्या व्यवस्थेसारखी. हा मार्ग पुन्हा जोडला गेला ८ ऑगस्ट २०२० रोजी. चार वर्षे आणि जवळजवळ चार महिने लागले. जपानी अभियंते अमेरिकनांपेक्षा कमी कुशल होते, असे कोणी म्हणणार नाही. मग फरक कशाचा?

पहिला फरक उताराचा आहे. तेहाचापीत मोडले ते प्रामुख्याने बोगदे, आणि डोंगर बोडका व कोरडा. आसोमध्ये कड्याची जखम शेकडो मीटर उंच होती. वरचे सुटे दगड पाडून कडा स्थिर झाल्याशिवाय खाली माणूस पाठवणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभे करणे. घाटाची दुरुस्ती नेहमी वरून खाली येते. रुळांचे काम सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे असते.

दुसरा फरक पोहोचण्याचा आहे. डोंगरात लोहमार्ग हाच बहुधा दुरुस्तीच्या ठिकाणी जाण्याचा रस्ता असतो. तो दहा जागी तुटला की मधल्या आठ जागांपर्यंत यंत्र पोहोचतच नाही. काम दोन्ही टोकांकडून आत सरकत जाते. पहिला खंड जुळला की त्यावरून दुसऱ्या खंडासाठी खडी नेता येते.

तिसरा फरक थोडा अप्रिय आहे. ज्या मार्गावरून माल जातो, ज्याच्या बंद राहण्याने रोज मोठे नुकसान होते, तो लवकर उभा राहतो. कैकौऱ्यात मालगाडी आधी आली, प्रवासी वर्षभराने. आपल्याकडेही हेच दिसते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नेरळ-माथेरानचा दोन फुटी मार्ग वाहून गेला. तो मार्च २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा मोडला, तेव्हा नेरळहून थेट माथेरानला गाडी जाण्यास ऑक्टोबर २०२२ लागला. त्याच २०१९ मध्ये बोरघाटात मंकी हिल परिसरातही मार्गाखालची जमीन गेली होती. दुरुस्ती काही महिने चालली, परंतु उरलेल्या मार्गांवरून मुंबई-पुणे गाड्या चालत राहिल्या. माथेरानला शेजारचा दुसरा मार्ग नाही आणि मालगाडीही नाही. घोडेवाल्याचा, हमालाचा, तेथल्या दुकानदाराचा दिवस बुडतो. तो मोजणारा ताळेबंद मात्र कोणाच्या टेबलावर नसतो.

७.७ पावसाने शिकवलेले

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली. नव्वदीपेक्षा अधिक बोगदे, खोल खोदाया, आणि वर जांभ्याची माती. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ गाडी रुळांवर आलेल्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच रीतीने पुलावरून खाली गेली; अनेक जणांचा बळी गेला. त्यानंतर खोदायांचे उतार सपाट केले गेले, कड्यांवर लोखंडी जाळ्या आल्या, दगडांच्या पेट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक आले. जून ते ऑक्टोबर गाड्या सावकाश धावतात आणि गस्तीची माणसे रात्री कंदील घेऊन रुळांवरून चालतात. प्रवासी उशिराबद्दल कुरकुरतात. त्या कुरकुरीचे मोल काय, हे वरच्या दोन तारखा सांगतात.

ही व्यवस्था पावसासाठी आहे. परंतु सपाट केलेला उतार आणि निचरा झालेला कडा भूकंपातही कमी सुटतो. भूकंपासाठी स्वतंत्र असे जे करता येते, ते म्हणजे वेळ मिळवणे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येतात आणि फारसे नुकसान करीत नाहीत. मोडतोड करणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने मागून येतात. कोयनानगर ते लोणावळा हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे. कोयनेजवळच्या यंत्राने पहिल्या लहरी ओळखून विजेच्या वेगाने संदेश धाडला, तर घाटातील गाडीला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळू शकेल. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेसाठी अशी २८ भूकंपमापके बसवण्याची योजना जाहीर झालेली आहे. त्यांतील काही मार्गापासून दूर खेड, रत्नागिरी, लातूर आणि पांगरी येथे असतील. धक्का कळताच वीज तोडून गाडी थांबवणे हा त्यांचा हेतू आहे. अर्थात थांबलेली गाडी कड्याखाली उभी असेल तर काय, हा प्रश्न घाटात उरतोच.

आणि तो प्रश्न केवळ बोरघाटापुरता नाही. कऱ्हाड-चिपळूण हा लोहमार्ग वर्षानुवर्षे चर्चेत आहे. देश आणि कोकण जोडणारा हा मार्ग झाला, तर तो पाटणच्या बाजूने सह्याद्री ओलांडेल, म्हणजे १९६७ च्या भूकंपक्षेत्राच्या कुशीतून. आपण वर म्हटले की कोयनेत भूकंप आहे, घाट आहे, रेल्वे नाही. ते वाक्य बदलणे माणसाच्या हाती आहे. मार्ग करू नये असा याचा अर्थ नव्हे. कोकणातल्या माणसाला तो हवा आहे. पण कोठे बोगदा आणि कोठे खोदाई, मोडल्यास वळशाला जागा कोठे, हे सारे आज नकाशावर ठरते. भूकंपानंतर ठरवायला अर्धे मिनिटही उरत नाही.

७.८ क्रियापदांकडे पाहा

आता भाषेकडे वळू. ‘दरड कोसळली’ हे वाक्य कर्तरी प्रयोगातील आहे, कर्ता दरड. ‘कोसळणे’ अकर्मक असल्यामुळे कोणी काही केले, असे त्यातून सूचित होत नाही. परंतु उतार कोणीतरी कापला होता, निचऱ्याची चर कोणीतरी काढली होती किंवा काढली नव्हती. ‘कापलेला उतार सुटला’ असे लिहिले की ‘कापलेला’ हे एक विशेषण सगळा इतिहास आत आणते. ते न्याय्य असेल तेथेच वापरावे. सगळ्याच दरडी माणसाने कापलेल्या नसतात.

‘वाहतूक पूर्ववत करण्यात आली’ ही दुसरी ओळखीची रचना. ‘करण्यात आली’ म्हटले की करणारा वाक्याबाहेर जातो. पावसात दोरीला लटकून पहारीने सुटे दगड पाडणारा गँगमन त्या वाक्यात कोठेही नसतो. बातमीला जागा कमी असते, हे मान्य. तरी ‘एका मार्गावरून, ताशी वीस किलोमीटर वेगाने गाड्या सोडल्या’ हे वाक्य ‘पूर्ववत’पेक्षा फारसे लांब नाही, आणि ते प्रवाशाच्या उपयोगाचे आहे.

७.९ सरावासाठी स्वाध्याय आणि क्षेत्रीय कार्य

१. तेहाचापी आणि होही या दोन मार्गांच्या पुनर्बांधणीस लागलेल्या काळातील तफावतीची कारणे दोनशे शब्दांत लिहा. कारणांचा क्रम तुमच्या मते महत्त्वाचा असेल तसा लावा आणि तो क्रम का लावला, हे सांगा.

२. गेल्या पावसाळ्यातील घाटरेल्वेविषयीची कोणतीही एक मराठी बातमी मिळवा. तिच्यातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. कर्ता सापडला नाही, तेथे कंस मोकळा ठेवा.

३. तुमच्या परिसरात रेल्वेच्या मार्गदुरुस्ती विभागात काम करणारी किंवा निवृत्त झालेली व्यक्ती असल्यास तिच्याशी बोला. माझगाव, भायखळा, कल्याण, कर्जत, इगतपुरी, रत्नागिरी येथील विद्यार्थ्यांना हे अवघड जाऊ नये. दरड, भराव, खोदाई, गस्त यांसाठी ती व्यक्ती जे शब्द वापरते, ते जसेच्या तसे उतरवून घ्या. त्यांतील किमान पाच शब्द वापरून, मार्ग पुन्हा सुरू झाल्याची शंभर शब्दांची बातमी लिहा. ‘पूर्ववत’ हा शब्द तिच्यात येऊ देऊ नका.